संबंध नसल्याचा दाखला

“हा फोटो आहे का नाण्यावरचा राजा?”

टेंकाळे साहेबांनी माझा परीक्षा अर्ज खिडकीतून परत ढकलला. फोटोत माझी फक्त उजवी बाजू होती. एक कान, अर्धं कपाळ, अर्धी मिशी.

“माझाच आहे, साहेब.”

“अर्धं तोंड कुठंय?”

“पलीकडच्या बाजूला.”

टेंकाळे साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चार नंबरच्या खिडकीत ते अठरा वर्षं बसत होते. आवक रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय ते विनोदसुद्धा स्वीकारत नसत. “समोरून काढून आणा. उद्या दुपारी एकपर्यंत. नाहीतर हॉल तिकीट विसरा.”

हे आठ वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होतो. एप्रिल महिना, शुक्रवारची दुपार, आणि माझ्या डाव्या अंगाला एक मुलगी बराच वेळ उभी आहे हे मला तिची पांढरी काठी माझ्या चपलेला लागली तेव्हा कळलं.

“झालं का तुझं?” ती म्हणाली. “मग माझा नंबर.”

ती कावेरी सोनकांबळे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विभागाचं नाव ‘आंतरविद्याशाखीय विकलांगता अध्ययन’. एकूण विद्यार्थी चार. विभागाची पाटी विभागाच्या दारापेक्षा रुंद भरली होती, म्हणून ती भिंतीवर उभी लावलेली होती आणि वाचायला मान वाकडी करावी लागायची. मी ती वाचली होती, पण मान दुखायला लागली तरी अर्थ लागला नव्हता.

“ताई, तुम्हाला सकाळीच सांगितलं,” टेंकाळे म्हणाले. “काल परिपत्रक आलंय. लेखनिक परीक्षार्थीच्या विषयाचा नको. त्या विषयाशी संबंध असलेल्या विषयाचाही नको. आणि निदान एक वर्ग खालचा पाहिजे.”

“माझी लेखनिक बी.ए.ला आहे. दोन वर्ग खालची.”

“समाजशास्त्राची आहे. तुमच्या पहिल्या पेपरात समाजशास्त्र आहे.”

“तीन पेपर तिनंच लिहिलेत, साहेब. मी सांगायचं, तिनं लिहायचं. याच खिडकीतून परवानगी घेऊन.”

“तेव्हा परिपत्रक नव्हतं.”

“सोमवारी अकराला शेवटचा पेपर आहे. हा राहिला तर माझी पीएच.डी.ची जागा जाते. सगळे पेपर एका दमात पास व्हायची अट आहे तिथं.”

“मला कळतंय की.”

“मग मी कोणत्या विषयाचा लेखनिक आणू?”

“ज्याचा तुमच्या विषयाशी संबंध नाही असा.”

आणि त्यांनी टेबलाच्या खणातून तिच्या अभ्यासक्रमाचं पुस्तक काढलं. त्यात त्यांनी सकाळपासून लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. कायदा, पहिला पेपर. इतिहास, दुसरा. साहित्य, दुसरा, घटक तीन. अर्थशास्त्र, वैद्यक, वास्तुरचना. ते वाचत गेले आणि रांगेतली मंडळी उन्हात घाम पुसत राहिली.

मला घाई नव्हती. मी म्हणालो, “वनस्पतिशास्त्र?”

“सहावा पेपर, घटक चार. कीटकनाशकं आणि जन्मजात व्यंग.”

“संगीत?”

“तिसरा पेपर. अंध कलावंतांची परंपरा.”

“मग साहेब, मेलेला माणूसच लागेल.”

“त्याचं चालू वर्षाचं ओळखपत्र असेल तर आणा,” टेंकाळे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

कावेरी माझ्याकडे वळली. “तू कोणत्या विषयाचा?”

“संख्याशास्त्र. पहिलं वर्ष.”

“चौथा पेपर, घटक दोन, जनगणना,” टेंकाळे आतून म्हणाले.

“अक्षर कसंय तुझं?”

“सुवाच्य. मजकूर नसतो, पण सुवाच्य.”

“मजकूर माझा असेल. तुझे पेपर कधी?”

“गुरुवारपासून.”

“मग ठरलं,” ती म्हणाली. काय ठरलं ते मला कळेपर्यंत ती टेंकाळेंना विचारत होती, “साहेब, याच्या विषयाचा माझ्या विषयाशी संबंध नाही असं याच्या विभागप्रमुखांनी लेखी दिलं तर?”

टेंकाळेंनी पेन्सिल खाली ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाले, “ताई, मी मुद्दाम अडवत नाही. चार वर्षांपूर्वी एका लेखनिकानंच पेपर सोडवला होता. सही माझी होती. तीन महिने घरी बसलो मी. बायको रोज विचारायची, आज पण सुट्टी का? तुम्ही लेखी आणा. शिक्क्यासकट. उद्या एकपर्यंत. मी लगेच मंजूर करतो.”

आता ही गोष्ट कुणालाही सोपी वाटेल. संबंध नाही असं लिहून आणायचं. आपल्याकडे माणसं सख्ख्या भावाशी संबंध नाही असं पेपरात जाहीर करतात. पण आम्ही आमच्या विभागात गेलो तेव्हा आमचे प्रमुख कुलथे सर म्हणाले, “संबंध नाही? वेड लागलंय का, हिप्परगे?”

हिप्परगे म्हणजे मी. बसवराज हिप्परगे, मुक्काम औशाजवळचं एक खेडं.

“सर, मला आतापर्यंत माहीत नव्हतं संबंध आहे म्हणून.”

“मला तरी कुठं होतं? पंधरा दिवसांपूर्वी कुलगुरूंनी बैठक घेतली. मूल्यमापन समिती येतीये. प्रत्येक विभागानं दुसऱ्या विषयांशी असलेला संबंध दाखवायचा. मी विकलांगतेवर बारा पानी प्रस्ताव पाठवलाय. आता संबंध नाही म्हणून सही कशी करू?” मग कावेरीकडे बघून ते मायेनं म्हणाले, “बेटा, तुमच्या विषयाला फार भविष्य आहे.”

“सोमवारपर्यंतचं असलं तरी चालेल, सर,” ती म्हणाली.

आम्ही भौतिकशास्त्रात गेलो. तिथले सर म्हणाले, श्रवणयंत्र म्हणजे दुसरं काय आहे, ध्वनीच तर आहे. भूगोलवाल्या मॅडमनी उतार आणि चाकाची खुर्ची यावर आम्हाला उभ्याउभ्या दहा मिनिटं शिकवलं. ग्रंथालयशास्त्रात तर चहा मिळाला. सगळं विद्यापीठ एका पंधरवड्यात विकलांगतेचं सोयरं झालं होतं आणि त्यामुळे सगळ्या विद्यापीठात एका आंधळ्या मुलीचा पेपर लिहायला कुणी उरलं नव्हतं. मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. अशा परिस्थितीची शक्यता किती, हे मी मनात मांडून बघितलं. उत्तर एकाहून जास्त आलं. म्हणजे कुठंतरी चुकत होतं.

“तू कामून करतोयस हे?” संध्याकाळी कॅन्टीनमध्ये तिनं विचारलं.

“मला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही, ताई.”

“ताई म्हणू नको. टेंकाळे म्हणतात.”

“मग काय म्हणू?”

“कावेरी म्हण. सोमवारी तुझा हात माझा असणारे. स्वतःच्या हातानं कुणी ताई म्हणवून घेतं का?”

मी हसलो. ती टेबलाच्या त्या बाजूला बसली होती, मी नेहमीसारखा भिंतीला डावा खांदा लावून. तिच्यासमोर मला एक वेगळाच निवांतपणा वाटत होता. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. स्वतःला प्रश्न विचारायची मला सवय नव्हती. मी लोकांना हसवायचो आणि हसणारी माणसं फारसं निरखून बघत नाहीत, एवढं माझं संख्याशास्त्र पक्कं होतं.

शनिवारी सकाळी मी आधी फोटो काढला. समोरून. फोटोग्राफर म्हणाला, इकडं बघा. मी म्हणालो, बघतोय. तो म्हणाला, दोन्हीकडं नका बघू. मी पैसे देऊन निघालो.

मग आम्ही कावेरीच्या विभागप्रमुखांकडे, लोहारे मॅडमकडे गेलो. सगळा अभ्यासक्रम त्यांनी एकटीनं उभा केला होता. ऐकून घेताना त्यांनी तीनदा कपाळाला हात लावला. “मीच बैठकीत भांडले होते गं. म्हणाले होते, असा एकही विषय नाही ज्याचा विकलांगतेशी संबंध नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझीच पोरगी अडकली त्यात.”

मग मॅडम उठल्या, कपाटाच्या तळातून एक निळी फाइल काढली आणि तिच्यावरची धूळ पदरानं पुसली.

“हे मी कुणाला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वी हा विभाग सुरू करताना मी प्रत्येक विभागाला पत्र लिहिलं. आठवड्यातून एक तास शिकवायला माणूस द्या म्हणून. ही उत्तरं.”

चौदा पत्रं होती. मी एकेक मोठ्यानं वाचलं. आमचा विषय मूलभूत विज्ञानाचा असल्याने. आमच्या विषयाची प्रकृती भिन्न असल्याने. भूगोलवाल्या मॅडमनी तर ‘दूरान्वयानेही’ असा शब्द वापरला होता. नववं पत्र आमचं: ‘संख्याशास्त्र विषयाचा विकलांगतेशी कोणताही संबंध नाही. सबब शिक्षक देता येणार नाही.’ खाली कुलथे सरांची सही, शिक्का, जावक क्रमांक.

कावेरी हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. लोहारे मॅडमना हसू येत नव्हतं.

“हे पत्र मी का फेकून दिलं नाही, सांगू?” त्या म्हणाल्या. “ज्या दिवशी वाटायचं की आपलं बरं चाललंय, त्या दिवशी हे वाचायचे.” मग त्यांनी ते फाइलीतून सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. “जा. बारा वाजून गेलेत.”

परीक्षा विभाग तिथून लांब होता. कावेरीनं काठी घडी करून पिशवीत टाकली आणि माझं डावं कोपर धरलं. “तू चाल. मी येते मागून. पायरी आली की सांग.”

मी चाललो. तीसेक पावलांवर तिचा खांदा सूचनाफलकाच्या खांबाला लागला.

“सॉरी. कुठंही खांब रोवतात हे लोक.”

“असू दे.”

वाचनालयाच्या वळणावर तिचा गुडघा एका कुंडीवर आपटला. कुंडी सिमेंटची होती. मी विद्यापीठाच्या अभियंत्याला शिव्या दिल्या. त्याच्या खानदानात कुणी सरळ रेघ मारली नसणार असं म्हणालो. नंतर सायकल स्टँडपाशी आम्ही दोघंही एका उघड्या दारावर आदळलो. ते दार डावीकडे होतं, हिरव्या रंगाचं होतं आणि चांगलं सात फूट उंच होतं.

कावेरी थांबली. गुडघा चोळला. मग माझ्या पाठीमागून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला आली आणि माझं उजवं कोपर धरलं.

“मी इकडून येते. चालेल ना?”

“का?”

“उगीच. इकडं सावली आहे.”

सावली नव्हती. पण आंधळ्या माणसाशी सावलीवरून काय वाद घालायचा म्हणून मी गप्प बसलो. तिथून पुढं आम्ही कशालाही धडकलो नाही.

टेंकाळे साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, शिक्का उजेडात धरून बघितला, जावक क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला वाटलं आता चहा सांगतात. चहा नाही सांगितला. एक छापील घोषणापत्र पुढं केलं.

“इथं सही. लेखनिकाची.”

तीन वाक्यं होती. एक, माझा परीक्षार्थीशी नातेसंबंध नाही. दोन, माझ्या विषयाचा परीक्षार्थीच्या विषयाशी संबंध नाही. तीन, मी स्वतः कोणत्याही प्रकारे विकलांग नाही. ही माहिती खोटी आढळल्यास परीक्षार्थीची उत्तरपत्रिका रद्द होईल हे मला मान्य आहे.

“तिसरं वाक्य कशाला, साहेब?”

“लेखनिक धडधाकट पाहिजे ना. तुम्ही काय, दिसताय की धडधाकट.”

मी सही केली. माझी सही चांगली वळणदार आहे. त्या दिवशी जरा जास्तच वळणदार आली. टेंकाळेंनी माझा समोरून काढलेला फोटो न बघताच माझ्या परीक्षा अर्जाला आणि लेखनिकाच्या अर्जाला एकेक टाचला. एक वाजायला चार मिनिटं होती.

सोमवारी अकरा वाजता आम्हाला वेगळी खोली दिली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि कोपऱ्यात सुपरवायझर बाई. त्या एप्रिलच्या उन्हात लोकरीचा स्वेटर विणत होत्या. त्यांनी नियम सांगितले. लेखनिकानं बोलायचं नाही. फक्त ‘वाक्य पुन्हा सांगा’ एवढं म्हणायचं. परीक्षार्थीनं उत्तराशिवाय काही बोलायचं नाही. सगळं मला ऐकू आलं पाहिजे.

कावेरी माझ्या उजवीकडे बसली. मी प्रश्न वाचून दाखवले. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न. तिचं सांगणं तिच्या चालण्यासारखं होतं, संथ, पण थांबायचं नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. मला त्यातलं अर्धं कळत होतं आणि उरलेलं अर्धं कळायला लागलं होतं.

तिसरा प्रश्न वीस मार्कांचा. ‘विकलांग कोणाला म्हणावे? वैद्यक, कायदा व समाज या तिन्ही दृष्टींनी चर्चा करा.’

“लिही,” ती म्हणाली. “शरीरात काय कमी आहे, स्वल्पविराम, ते वैद्यक मोजते. पूर्णविराम. ते किती टक्के कमी आहे, स्वल्पविराम, ते कायदा विचारतो. पूर्णविराम. चाळीस टक्के भरले तर माणूस विकलांग, स्वल्पविराम, एकोणचाळीस भरले तर नाही. पूर्णविराम. समाज टक्के विचारत नाही. पूर्णविराम. तो फक्त बघतो.”

माझा हात थांबला.

मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या खळ्यावर विटीदांडू खेळत होतो. विटी माझ्या चुलतभावानं मारली. चांगली मारली होती, इतकी लांब त्यानं पुन्हा कधी मारली नाही. माझा डावा डोळा सोलापूरच्या डॉक्टरांनी काढला आणि सहा महिन्यांनी तिथं दुसरा बसवला. तो फार सुंदर आहे. खऱ्यापेक्षा पांढरा आहे. फक्त त्याला दिसत नाही. गावात सकाळी शाळेत जाताना एक किराणावाला मला बघून स्कूटर मागं फिरवायचा आणि पाच मिनिटांनी परत निघायचा, कारण काण्याचं तोंड बघून दुकान उघडलं तर गिऱ्हाईक येत नाही म्हणे. विद्यापीठात हे कुणालाही माहीत नव्हतं. माझ्याकडे सरकारी दाखला होता. त्यावर लिहिलं होतं तीस टक्के; एक डोळा गेला की सगळ्यांना तेवढेच देतात. तो ट्रंकेच्या तळाशी होता, कपड्यांखाली, आणि त्यावर अजून एक वर्तमानपत्र अंथरलं होतं.

आणि घोषणापत्राचं तिसरं वाक्य. खोटं आढळल्यास उत्तरपत्रिका रद्द. माझी नाही, तिची.

“लिहिलंस?” कावेरी म्हणाली.

“मॅडम,” मी सुपरवायझर बाईंना म्हणालो, “मला यांना एक सांगायचंय.”

“अजिबात नाही,” बाई टाके मोजत म्हणाल्या. “वाक्य पुन्हा विचारा फक्त.”

मी कावेरीकडे बघितलं. बघून काय उपयोग. मग म्हणालो, “वाक्य पुन्हा सांगा.”

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. तिनं मान जरा तिरकी केली, शहाळ्यात पाणी किती आहे ते ऐकणाऱ्या माणसासारखी.

“नवा परिच्छेद,” ती म्हणाली. “मात्र काही माणसे या तिन्ही व्याख्यांच्या मधल्या फटीत राहतात, स्वल्पविराम, उदाहरणार्थ तीस टक्केवाले. पूर्णविराम.”

पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“अशी माणसे डावीकडच्या वस्तूंवर आदळतात आणि दोष अभियंत्याला देतात. पूर्णविराम. लिहिलंस?”

“वाक्य... पुन्हा सांगा.”

“त्यांचे कोपर धरून चालले की तीनशे पावलांत कळते. पूर्णविराम. पण विचारायचे नसते, स्वल्पविराम, कारण हे कुणालाच कळत नाही अशी त्यांची समजूत असते. पूर्णविराम.”

“हे उत्तरात लिहायचं?” मी कुजबुजलो.

“लेखनिक!” बाई ओरडल्या.

“लेखनिकानं प्रश्न विचारू नये,” कावेरी म्हणाली. “हे वाक्य लिहू नकोस.”

ते मी आधीच लिहिलं होतं. खोडलं.

“पुढं लिही. अशा माणसाने आपण विकलांग नाही असे लिहून दिले, स्वल्पविराम, तर ते खरे की खोटे, प्रश्नचिन्ह. वैद्यकाच्या मते खोटे. पूर्णविराम. कायद्याच्या मते खरे. पूर्णविराम. समाजाला अद्याप विचारलेले नाही. पूर्णविराम. म्हणून निर्णय होईपर्यंत त्याने लिहीत राहावे. पूर्णविराम.”

मी लिहीत राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. वीस मार्कांच्या उत्तरात मी सापडलो होतो आणि मलाच ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं होतं. खरं सांगायचं तर मला अजूनही कळत नव्हतं की मी नक्की कोण. पण वाक्यं बरोबर होती, ऱ्हस्व-दीर्घासकट.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला आणि मी खुर्चीसकट उडालो. उत्तरपत्रिकेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ गेली.

टेंकाळे साहेब. फेरीवर आले होते. माझ्या डाव्या हाताला उभे होते, आणि सुपरवायझर बाईंनी नंतर सांगितलं की चांगली दोन मिनिटं उभे होते आणि तीनदा हळूच ‘इकडं बघा’ म्हणत हातातला लेखनिकाचा अर्ज माझ्या गालापाशी हलवत होते.

“ऐकू नाही आलं का?” ते म्हणाले.

“लिहिण्यात होतो, साहेब.”

“दिसलोही नाही?”

माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला विनोद असायचा. मी शोधला. नव्हता.

टेंकाळेंनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हातातल्या अर्जाकडे. त्याला समोरून काढलेला फोटो टाचलेला होता, ज्यात माझा एक डोळा फोटोग्राफरकडे बघतोय आणि दुसरा त्याच्या दुकानाच्या दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे. खोलीत फक्त स्वेटरच्या सुयांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

मला त्यांचे ते तीन महिने आठवले. बायको रोज विचारायची, आज पण सुट्टी का?

कावेरीचे दोन्ही हात टेबलावर होते. एका हातानं तिनं दुसरा घट्ट धरला होता. गेल्या तीन दिवसांत तिला घाबरलेली मी पहिल्यांदा बघत होतो.

“हिप्परगे,” टेंकाळे म्हणाले.

“साहेब.”

“तो आधीचा फोटो आहे का तुमच्याकडं? नाण्यावरचा?”

“आहे. पाकिटात.”

“द्या इकडं.”

मी दिला. त्यांनी अर्जाला टाचलेला फोटो नखानं काढला, शर्टाच्या खिशात टाकला, आणि खिशातून डिंकाची ट्यूब काढून तिथं राजा चिकटवला. अंगठ्यानं नीट दाबला.

“हाच बरा होता,” ते म्हणाले. “मला वाचता नाही आलं त्या दिवशी.” मग दाराशी जाऊन थांबले. “ताई, रेघ गेलीये पानावर. दहा मिनिटं वाढवून देतो. बाई, नोंद करा. कारण लिहा... परीक्षा विभागाचा व्यत्यय.”

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही बाहेर आलो. ऊन असं होतं की माझाही एकच डोळा उघडा राहत होता. अर्थात. पायऱ्यांवर कावेरी बसली, मी तिच्या डावीकडे बसलो, म्हणजे ती माझ्या उजवीकडे आली.

“तुला शनिवारीच कळलं होतं,” मी म्हणालो.

“कुंडीपाशी शंका आली. दारापाशी खात्री.”

“मग दुसरा लेखनिक का नाही बघितलास?”

“एक वाजायला अर्धा तास होता. आणि लहानपणापासून ऐकतीये मी, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी सोमवारपुरता एकच मागितला होता.” ती शांतपणे म्हणाली, “पहिल्यांदाच त्यानं मोजून दिला.”

तो विनोद माझा नव्हता, तरी मी हसलो. हसता हसता काही तरी बिनसलं आणि मला रुमाल काढावा लागला. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते की दोन्हीकडून पाणी येईल, ती सोय शाबूत आहे.

कावेरी पास झाली. त्या पेपरला एकसष्ट. तिनं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि कुणाकडून तरी वाचून घेऊन मला फोन केला. तिसऱ्या प्रश्नाला वीसपैकी चौदा. तीस टक्केवाल्या परिच्छेदापुढं परीक्षकानं लाल शाईत लिहिलं होतं: ‘मुद्दा नवा. आधार काय?’

“सांगू का काय आधार ते?” तिनं विचारलं.

“नको,” मी म्हणालो. तेव्हा नको म्हणालो.

गेल्या महिन्यात तिचं पाकीट आलं. तिच्या प्रबंधाचं पुस्तक निघतंय आणि त्यात तो परिच्छेद तिला घ्यायचाय, आधारासकट. सोबत संमतीचा अर्ज होता, छापील, तिच्याच विभागाच्या शिक्क्याचा. मी आता बँकेत नोकरीला आहे, तिथंच काउंटरवर बसून भरला. नाव, पूर्ण. वय. पत्ता. शेवटचा रकाना होता: ‘आपला या विषयाशी काय संबंध?’ उत्तराला दोन ओळी सोडल्या होत्या. समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं, शिपाई दोनदा बघून गेला.

मी लिहिलं, डावा डोळा. पूर्णविराम दिला.